हाडाची परांची

"सिस्टर, सळी घातली की हाड जुळतं नव्हं?"

हा प्रश्न मला नोकरीत असताना रोज ऐकावा लागायचा, आणि निवृत्त झाल्यावरही सुटला नाही. बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते, लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. नाही. सळी, पट्टी, स्क्रू यांनी हाड जुळत नाही. ती नुसती धरून ठेवतात. हाडाला हाडच जुळवतं, आणि तेही त्याच्या मनात आलं तर.

मी मूळची कागलची, एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी. नर्सिंग शिकून कोल्हापूरच्या एका हॉस्पिटलात लागले ती साठचं दशक संपत असताना. पुढची सगळी नोकरी हाडांच्या ऑपरेशन थिएटरात गेली. लोकांना वाटतं, हाड म्हणजे लाकूड किंवा दगड. खाटकाच्या दुकानात टांगलेलं पाहिलेलं असतं, म्हणून तसं वाटत असावं. जिवंत माणसाचं हाड गुलाबी असतं. त्याला भोक पाडलं की रक्त येतं. ते स्वतःला रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधतं. पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी हातातला चिमटा धरून तशीच उभी राहिले होते. आमचे सर्जन डॉक्टर नाईक मास्कमधून म्हणाले, "सिस्टर, दर्शन झालं असेल तर हत्यार द्या."

साधा मोडलेला पाय नीट धरून ठेवला तर जुळतो. अडचण येते ती मध्ये खड्डा असेल तेव्हा. अपघातात हाडाचा तुकडाच रस्त्यावर पडला, किंवा आतून रोगानं पोखरलं, तर दोन्हीकडचं हाड एकमेकांकडे येऊ पाहतं आणि मधल्या पोकळीत थबकतं. अशा वेळी ती पोकळी हाडाच्या चुऱ्यानं भरावी लागते. तो चुरा शक्यतो त्याच माणसाच्या कमरेचा. भांडायला उभ्या राहिलेल्या बाईचा हात कमरेवर जिथं टेकतो, ती हाडाची कड. तिथून छिन्नीनं काढायचा. पेशंट शुद्धीवर आला की पायाचं नाव घेत नसे, कमरेच्या नावानं बोंब मारायचा. कागलचा एक ट्रकड्रायव्हर मला म्हणाला होता, "मोडलंलं गप हाय आनि धडधाकट होतं ते बोंबलतंय. ह्यो कुठला न्याय?"

एकानं तर निक्षून सांगितलं होतं, "कमरंला हात लावायचा न्हाय. माझ्या बैलाचं घाला. बैल मरंल तवा घाला, मी थांबतो." आम्ही हसलो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. युरोपात वासराचं हाड धुऊन, त्यातली चरबी काढून माणसात घालतात, असं त्यांनी त्याला सांगितलं. तो खूश झाला. आपला बैल आणि युरोप एका रांगेत बसले याचं त्याला फार कौतुक वाटलं.

डॉक्टर नाईकांची समजावून सांगायची पद्धत अशीच होती. मोठा खड्डा आणि कमरेचं हाड अपुरं, अशी गाठ पडली की दुसऱ्या माणसाचं हाड वापरता येतं, हे त्यांनी मुंबईत शिकताना पाहिलं होतं. मी विचारलं, "दुसऱ्याचं हाड शरीर कसं घेईल? ते तर मेलेलं असतं."

त्या वेळी हॉस्पिटलच्या मागं नवीन खोल्यांचं बांधकाम चाललं होतं. डॉक्टरांनी मला खिडकीपाशी नेलं. "ती परांची बघा. बांबू बांधलेत. गवंडी त्यावर उभा राहून भिंत वर नेतोय. परांची म्हणजे भिंत नव्हे. पण परांची नसेल तर गवंडी उभा कुठं राहणार? दुसऱ्याचं हाड म्हणजे परांची. पेशंटच्या पेशी तिच्यावर चढतात आणि आपलं हाड बांधत जातात."

"आणि काम झाल्यावर परांची कोण सोडतं?"

"तेच गवंडी. बांधता बांधता ते परांची खात जातात. असे गवंडी कुठं मिळायचे नाहीत, सिस्टर."

मग एक दिवस त्यांच्या डोक्यानं घेतलं की आपण इथंच हाडं साठवायची. म्हाताऱ्या माणसांचा खुबा मोडतो, तेव्हा मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून तिथं पोलादी गोळा बसवतात. काढलेला गोळा आम्ही जाळायला पाठवायचो. "सोनं जाळतोय आपण," डॉक्टर म्हणायचे. ते साठवायला कडक थंडी हवी. आमच्याकडे रक्ताच्या बाटल्यांचा साधा फ्रीज होता, त्यात भागण्यासारखं नव्हतं.

बिंदू चौकाजवळ बाबूशेठचं आइस्क्रीमचं दुकान होतं. त्यांच्या हाताचं हाड डॉक्टरांनी बसवलेलं. शेठनी दुकानात नवीन फ्रीजर घेतला आणि जुना आम्हाला देऊन टाकला. आम्ही तो सोड्यानं धुतला, स्पिरिटनं पुसला, उन्हात ठेवला. तरी झाकण उघडलं की वेलचीचा वास यायचा. हाडं निर्जंतुक बरणीत, ती बरणी दुसऱ्या बरणीत, त्यावर कापड. त्या आधी देणाऱ्याचं रक्त तपासायचं, हाडाचा कण प्रयोगशाळेत पाठवायचा आणि जंतू नाहीत असा निरोप आल्यावरच बरणी वापरायला काढायची. पहिल्या काही बरण्यांतली एक जंतू निघाले म्हणून जाळून टाकली. बाकीच्या लहानसहान खड्ड्यांना उपयोगी पडल्या.

आणि फ्रीजर रिकामा असतानाच दस्तगीर आला.

दस्तगीर पेठ वडगावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. विशी ओलांडलेला, सडपातळ, नुकतं लग्न झालेला. गुडघ्याखाली दुखतंय म्हणून आधी तेल चोळलं, मग हाडवैद्याकडे गेला, मग दुसऱ्या एका शहरात दाखवलं. तिथं सांगितलं, मांडीतून पाय काढावा लागेल. ते ऐकून तो आमच्याकडे आला होता. एक्स-रे मी डॉक्टरांच्या आधी पाहिला. नडगीच्या हाडाचा वरचा भाग, ज्यावर गुडघा टेकतो तो, साबणाच्या फेसासारखा दिसत होता. नुसते बुडबुडे. भोवतीनं हाडाची कड उरली होती ती अंड्याच्या टरफलाएवढी. ती गाठ अंगभर पसरणाऱ्या कॅन्सरची नव्हती, हे तुकडा तपासल्यावर कळलं. पण ती हाड खात सुटली होती, आणि खरवडून काढली तरी पुन्हा उगवण्याची खोड तिला असते.

डॉक्टरांनी त्याला लपवून काही सांगितलं नाही. पाय काढला तर धोका संपतो. पाय ठेवायचा तर आतली सगळी गाठ खरवडायची, पोकळी हाडानं भरायची आणि वाट बघायची. जुळलं तर जुळलं.

दस्तगीर म्हणाला, "साहेब, तबला असता तर बसून वाजवला असता. बसून वाजवणारा बँड कुठं असतोय व्हय? नवरा घोड्यावर, आम्ही पायांवर."

"गुडघा आखडूही शकतो."

"आखडूदे. लंगडत चालीन. मिरवणूक तशीबी हळूच चालती की."

त्याची बायको खुर्चीच्या मागं पदर तोंडाशी धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "करा साहेब. घरातनं निघताना आमी हेच ठरवून आलोय."

पण भरायला हाड कुठून आणायचं? त्याच्या कमरेची दोन्हीकडची कड काढली तरी निम्मी पोकळी भरत नव्हती. डॉक्टरांनी त्याला कुबड्यांवर ठेवलं, पाय टेकायची सक्त मनाई केली आणि वॉर्डात दाखल करून घेतलं. त्या टरफलाला धक्का लागला असता तर पुढचं सगळंच संपलं असतं.

त्याच सुमाराला हौसाक्का आल्या. कळंब्याच्या तळ्यापलीकडं त्यांची वस्ती होती. घरात ऊस, म्हशी, मुलं, सुना, आणि सगळ्यांच्या वर हौसाक्का. धार काढून उठताना गोठ्यात पाय घसरला आणि खुबा मोडला. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. हौसाक्का स्ट्रेचरवरून मला म्हणाल्या, "मी पडलो, पण चरवी सांडू दिली न्हाय."

डॉक्टरांनी त्यांना पोलादी गोळ्याचं ऑपरेशन समजावलं. मग थोडं थांबून म्हणाले, "आक्का, तुमचा मोडलेला गोळा आम्ही काढून टाकणार. तो दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकतो. तुम्ही हो म्हणालात तरच."

त्यांचा थोरला मुलगा बाळासो शेजारी उभा होता. तो एकदम उसळला. "आईचं हाड दुसऱ्याच्या अंगात? साहेब, असलं काय सांगू नका. उद्या आईचं बरंवाईट झालं तर अस्थी अपुरी पडंल. भावकी शेण घालंल तोंडात."

'नाही' हे उत्तर घ्यायची डॉक्टरांना सवय होती. आधी दोन-तीन घरांनी दिलेलं होतं आणि त्यांनी ते नमस्कार करून घेतलं होतं. ते वळले तेवढ्यात आक्का बोलल्या.

"बाळ्या, माझं दात किती पडलं?"

बाळासो गोंधळला. "आता ते कशाला मधी?"

"निम्मं तोंड मोकळं हाय. कुठं हायत ते दात? उकिरड्यात गेलं, शेतात गेलं. तवा न्हाय तू अस्थी गोळा करत बसलास!" मग डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "कुणाला घालणार?"

"एक तरुण मुलगा आहे. त्याचा पाय वाचवायचाय."

"काय करतोय?"

"बँडात वाजवतो."

"लगीन झालंय?"

"झालंय. नुकतंच."

आक्कांनी डोळे मिटले. मला वाटलं, कळ आली. पण त्या विचार करत होत्या. "आनि माझ्या हाडानं त्यो चालंल?"

"नक्की सांगता येत नाही, आक्का. पण त्याच्याशिवाय चालणार नाही हे नक्की."

"मग ईचारतासा काय? तुम्ही फेकूनच देणार हुतासा की ते." बाळासोनं मान खाली घातली. आईपुढं त्याचं काही चालत नसावं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून त्याचाही चेहरा बदलला होता.

ऑपरेशनच्या दिवशी तो गोळा माझ्या हातातल्या भांड्यात आला. मोठ्या लिंबाएवढा. त्या वयात हाड बहुतेक विरविरीत झालेलं असतं. हे घट्ट होतं. जन्मभर डोक्यावर वैरण वाहिलेल्या बाईचं हाड. डॉक्टर बघत राहिले आणि या वेळी मी म्हणाले, "दर्शन झालं असेल तर बरणीत ठेवू?"

जंतूंचा निरोप यायला काही दिवस जाणार होते. पेशंटला नावं सांगायची नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुरुषांच्या वॉर्डात दस्तगीर आणि बायकांच्या वॉर्डात आक्का, मध्ये लांबलचक व्हरांडा. दोघांना एकमेकांची ओळख नव्हती.

जंतू नाहीत असा निरोप आला, ऑपरेशनची तारीख ठरली, आणि डॉक्टर एका कामासाठी पुण्याला गेले. त्याच संध्याकाळी जोराचा वळीव झाला. झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी वीज नव्हती. आमचा लहानसा जनरेटर थिएटरच्या दिव्यापुरता होता. बाबूशेठच्या जुन्या फ्रीजरच्या झाकणाचं रबर झिजलेलं होतं. मी आतला थर्मामीटर पाहिला. पारा वर चढत होता. ते हाड एकदा वितळलं असतं तर टाकूनच द्यावं लागलं असतं. पुन्हा गोठवून वापरायची सोय नसते.

मी बाबूशेठना फोन लावला. फोन चालू होता हे नशीब.

"शेठ, तुमचा फ्रीजर गरम होतोय."

"आत काय हाय?"

"हाड."

"कुणाचं?" शेठ दचकले. फ्रीजर कशासाठी नेला हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नसावं. मी थोडक्यात सगळं सांगितलं. मग शेठ म्हणाले, "सिस्टर, फ्रीजर कालपरवाचा. माझा बाप कशावर आइस्क्रीम करत हुता? बर्फ आनि मीठ! झाकण उघडू नका. आलो."

बर्फात खडेमीठ मिसळलं की गारठा बर्फाच्याही पलीकडं जातो, ही विद्या आइस्क्रीमवाल्यांची. शेठ टांग्यात बसून आले. बरोबर लाकडी पिंपातले दोन जुने पॉट, मिठाचं पोतं आणि बारदानात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या. व्हरांड्यातच संसार मांडला. आइस्क्रीमचं मिश्रण घालतात त्या डब्यात मी बरणी ठेवली, भोवती शेठ बर्फ आणि मीठ दाबून भरू लागले. बर्फ बारीक फोडून देणारा माणूस हवा होता. दस्तगीर कुबड्या टेकत बाहेर आला होता. "हात मोकळं हायत माझं," म्हणाला, स्टुलावर बसला, पाय लांब ठेवला आणि मोगरीनं बर्फ फोडायला लागला. ताल सोडून त्याला काही करता येत नसावं. बर्फसुद्धा तो ठेक्यात फोडत होता.

त्याच वेळी फिजिओथेरपीच्या बाईंनी हौसाक्कांना चौकटीच्या वॉकरवर पहिल्यांदा व्हरांड्यात आणलं. आक्का एकेक पाऊल टाकत, सगळ्यांना शिव्या देत येत होत्या. बर्फाचा पसारा बघून थांबल्या.

"काय पावणं, बर्फ कशाला फोडाय लागलासा? लगीन हाय का कुणाचं?"

दस्तगीर म्हणाला, "न्हाय आज्जी. वीज गेल्या. आत एका म्हातारीचं हाड हाय, ते इतळाय नको. माझ्या पायात घालणार हायत."

मी मध्ये पडणार तोवर उशीर झाला होता. आक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लांब ठेवलेला पाय पाहिला. पिंप पाहिलं.

"म्हातारी कुणाला म्हनतोस रं?"

दस्तगीरची मोगरी हातातच राहिली. त्याला कळलं. तो उठायची धडपड करू लागला. आक्का ओरडल्या, "बस खाली! पाय टेकू नको म्हनून डाक्टरनी सांगितलंय न्हवं तुला? फोड बर्फ. माझं हाड हाय आत."

तो रडत होता आणि बर्फ फोडत होता. बाबूशेठ मीठ टाकता टाकता तोंड फिरवून उभे राहिले. आक्का तिथंच खुर्ची मागवून बसल्या आणि दिवेलागणीला वीज येईपर्यंत हलल्या नाहीत. मधून मधून विचारायच्या, "किती झालंय थंड?" मी थर्मामीटरचा आकडा सांगायची. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण प्रत्येक वेळी "हां, बरोबर हाय" म्हणायच्या. हाड वितळलं नाही. डॉक्टर परत आल्यावर सगळं ऐकून त्यांनी मला एकच विचारलं, "नावं सांगितली कुणी?" मी म्हणाले, "कुणी नाही. हाडानंच सांगितली."

दस्तगीरचं ऑपरेशन लांबलं. गाठ लालसर तपकिरी, भिजलेल्या भुशासारखी. डॉक्टर चमच्यासारख्या हत्यारानं ती खरवडत होते, धुवत होते, पुन्हा खरवडत होते. एक कण राहिला तरी ती परत येणार. शेवटी पोकळी स्वच्छ दिसली तेव्हा गुडघ्याचा पृष्ठभाग वरच्या बाजूनं नुसता अधांतरी होता. तोवर मी आक्कांच्या हाडाचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करत होते. त्यात दस्तगीरच्या कमरेचं ताजं हाड मिसळलं. आक्कांचं हाड परांची, आणि त्याच्या स्वतःच्या हाडातून यायचे ते गवंडी. डॉक्टर ते मिश्रण बोटानं दाबून भरत होते, मडक्यात बियाणं भरावं तसं, कोपरा न् कोपरा. सगळं मावलं आणि पोकळी काठोकाठ भरली. भांड्यात दाणाही उरला नाही.

त्यानंतरचे दिवस मला ऑपरेशनपेक्षा जड गेले. जखमेतून पाणी येऊ लागलं. ताप नव्हता, पण पट्टी ओली व्हायची. डॉक्टर रोज सकाळी पट्टी सोडून नाकाशी न्यायचे. पू असला तर वास आधी सांगतो. बाजूला उभी राहून मी त्यांचा चेहरा बघायची आणि दस्तगीर माझा. एके दिवशी डॉक्टर पट्टी हुंगून म्हणाले, "कशाचाच वास नाही. वेलचीचासुद्धा नाही." पुढं हळूहळू पाणी थांबलं. तो प्लास्टरमध्ये घरी गेला. लग्नसराई आली आणि गेली. बँड त्याच्यावाचून वाजला. आक्का त्यांच्या तपासणीला आल्या की आपल्या खुब्याचं काही न सांगता विचारायच्या, "माझं हाड काय म्हणतंय?"

सगळ्यांचं असं झालं नाही. कागलच्या एका शिक्षकांच्या मांडीत आम्ही साठवलेलं हाड भरलं होतं. जंतू लागले. कुठून लागले ते आजवर कळलेलं नाही. सगळं हाड काढून टाकावं लागलं, पाय वाचला पण आखूड झाला. ते वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना भेटायला गेले की तेच माझी समजूत घालायचे. त्यांच्या घराची पायरी चढताना मला अजून जड जातं.

ऐंशीचं दशक संपता संपता एड्सचं नाव कानावर आलं. रक्तातून पसरणारा रोग, आणि तपासणी आमच्या आवाक्यात नव्हती. डॉक्टरांनी उरलेल्या बरण्या जाळायला लावल्या आणि फ्रीजर बंद केला. योग्यच केलं. तरी प्लग मी काढला तेव्हा बरं वाटलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत कुणीतरी परदेशातून एका चिनी मातीसारख्या पदार्थाची छोटी बाटली नमुना म्हणून आणली. पांढरे, साबुदाण्यासारखे दाणे. हाडात जो क्षार असतो तोच, भट्टीत भाजून केलेला. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव माझ्याकडून पाठ करून घेतलं. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक दाण्याला बारीक छिद्रं. गवंड्यांना चढायला जागा. कारखान्यात बनवलेली परांची! माणसाच्या डोक्याचं मला फार कौतुक वाटलं. ज्यांनी हे शोधलं त्यांना मी मनोमन नमस्कार केला. फक्त एवढंच की त्या बाटलीला "किती झालंय थंड?" असं विचारणारं कुणी नव्हतं.

दस्तगीरचं पुढं काय झालं ते सांगते. प्लास्टर निघालं, गुडघा वाकायला लागला, एक कुबडी सुटली, मग दुसरी. दर एक्स-रेला डॉक्टर गाठ परत आली का ते शोधायचे. पोकळीत आधी वेगवेगळे ठिपके दिसायचे, मग ते धूसर होत गेले. अशी दोन-एक वर्षं उलटली. एका सोमवारी ओपीडीत तो आणि आक्का दोघंही तपासणीला आले. एकमेकांना निरोप पाठवूनच आले असावेत. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला आणि नीट निरखला. मग मला हाक मारली.

"सिस्टर, दाखवा बघू. यात आक्कांचं कुठलं आणि दस्तगीरचं कुठलं?"

मी जवळ जाऊन पाहिलं. ज्या पोकळीत मी स्वतःच्या हातानं केलेले दाणे गेले होते, तिथं आता सलग हाड होतं. रेषा नाही, सांधा नाही. गुडघ्याचा भार जसा खाली उतरतो तशा बारीक तंतूंच्या ओळी पडल्या होत्या. मला काही दाखवता येईना.

आक्का खुर्चीतून पुढं झुकल्या. "कुठाय माझं?"

डॉक्टर त्यांच्याजवळ बसले. "आक्का, तुमचं आता तिथं फारसं काही राहिलेलं नाही. त्याच्या शरीरानं तुमचं हाड हळूहळू खाल्लं आणि त्याच जागी स्वतःचं बांधलं. हे सगळं त्याचं आहे."

दस्तगीरचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आज्जीला वाईट वाटणार. तो म्हणाला, "आज्जी, मी तर सगळ्यांस्नी सांगतोय, माझ्या पायात आज्जीचं हाड हाय म्हनून."

"मग खोटं बोलायलास," आक्का म्हणाल्या. त्या पुन्हा त्या काळ्या फिल्मकडे बघत राहिल्या. त्यातलं त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे. मग पदरानं चष्मा पुसून म्हणाल्या, "बेस झालं. मोकळा झालास. कुणाचं ओझं न्हाय आता तुझ्या पायात."

फिल्म पाकिटात घालताना ती डॉक्टरांना आत सरकवता येईना, म्हणून मी घेतली.

"वरातीत जायला हरकत नाही," त्यांनी दस्तगीरला सांगितलं, "पण सांभाळून."

दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "गेलतो, साहेब. परवाच. चुलतभावाचं लगीन हुतं." डॉक्टरांनी त्याला जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता आणि आक्का मनापासून हसत होत्या.

दोघं निघाले. मी जिन्यापर्यंत गेले. खाली बाळासो ट्रॅक्टर घेऊन उभा होता. दस्तगीरनं आक्कांचा दंड धरला होता, पण जायच्या घाईत त्याचे पाय पुढं पुढं पडत होते. तीन-चार पायऱ्या झाल्या नाहीत तोच आक्कांचा आवाज साऱ्या ओपीडीत घुमला.

"आरं जरा सावकास चल की! तुझं हाड हाय, माझं लोखंड हाय!"